आफ्रोटार्सियसच्या तीन दाढा: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

फलकाचा विषय ठरला: आफ्रोटार्सियस. आफ्रिकेतली नामशेष प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), हाताशी मुख्यतः दात, आणि तिला टार्सियरच्या (आग्नेय आशियातल्या बेटांवरचा बटबटीत डोळ्यांचा छोटा नरवानर) कुळात बसवायचं की नाही यावरचा वाद जवळपास चाळीस वर्षं चाललेला.

आराखडा असा. खालच्या दाढेचे चार मोठे नमुने शेजारी शेजारी: आजचा टार्सियर, आफ्रोटार्सियस, चीनमधला नामशेष इओसिमियस आणि माणूस. त्यांच्या बाजूला वर्गीकरणाचा मजकूर. दातांचं शास्त्र कधीही न वाचलेला माणूस फलकासमोर उभा राहील आणि पाच मिनिटांत त्याला कळलं पाहिजे की भांडण नेमकं कशावर आहे. निकाल काय लागला ते त्यानंतर.

बटबटीत डोळ्यांचा, फांदीला चिकटलेला प्राणी रंगवायची सूचना आली होती. ती बाजूला ठेवली. आफ्रोटार्सियसची कवटी कुणाच्या हाती लागलेली नाही, मग डोळे कुठून आणणार? नावात टार्सियस (टार्सियरचं शास्त्रीय नाव) आहे म्हणून टार्सियरचं तोंड चिकटवायचं, हा तर सगळा वाद एका चित्रात निकालात काढण्याचा प्रकार.

५ जून

खुणा ठरवून घेतल्या, नाहीतर पुढे गोंधळ होईल. वरच्या दाढा व१, व२, व३. खालच्या ख१, ख२, ख३. मोजणी पुढून मागे.

खालची दाढ कशी वाचायची ते इथेच लिहून ठेवते, फलकाचा पहिला परिच्छेद यातूनच निघेल. जुन्या धाटणीच्या सस्तन प्राण्याची खालची दाढ दोन मजली असते. पुढचा भाग उंच, त्यावर त्रिकोणात तीन टोकं, हा ट्रायगोनिड. गालाकडचं टोक प्रोटोकोनिड, जिभेकडचं मेटाकोनिड, आणि या दोघांच्या पुढे, जिभेच्याच अंगाला, पॅराकोनिड. मागचा भाग बुटका आणि पसरट, हा टॅलोनिड. त्याच्या काठावर गालाकडे हायपोकोनिड, जिभेकडे एंटोकोनिड, अगदी मागे हायपोकोन्युलिड, आणि या तिघांच्या मध्ये खळगा. वरच्या दाढेचं आतलं टोक, म्हणजे प्रोटोकोन, चावताना याच खळग्यात येऊन बसतं. खलबत्त्याचं काम. पुढच्या त्रिकोणाच्या कडा मात्र वरच्या दाढेच्या कडांना घासून कातरतात. एकाच दाढेत कातरणं आणि कुटणं दोन्ही होतं, आणि प्राणी काय खातो त्याप्रमाणे या दोन भागांचं प्रमाण बदलतं.

फलकावर टोकांची नावं चारच द्यायची. पॅराकोनिड त्यात हवंच, कारण सगळा खटला त्याच्यावर आहे.

११ जून

माणसाच्या दाढेसाठी दंतवैद्य मैत्रिणीकडे गेले. तिनं प्लास्टरचे ठसे काढून दिले आणि बरोबर एक लांबलचक व्याख्यानही, जे खरं तर ठशांपेक्षा उपयोगी पडलं.

माणसाच्या ख१वर साधारण पाच टोकं. पुढे दोन, मागे तीन. तिच्या पुस्तकांत त्यांना गालाकडचं पुढचं, जिभेकडचं पुढचं अशी सरळ नावं आहेत. मी तिला म्हटलं, पुढच्या दोनांतलं गालाकडचं म्हणजे प्रोटोकोनिड, जिभेकडचं म्हणजे मेटाकोनिड. तिसरं गेलं कुठे?

"अगं, तिसरं नसतंच. आम्हाला पुढे दोनच शिकवतात."

तेच तर. पॅराकोनिड आपल्या दाढांवर उरलेलं नाही. ट्रायगोनिडची उंचीही गेली. पुढचा आणि मागचा भाग जवळपास एका पातळीवर आले. म्हणून आपली दाढ पसरट दिसते आणि जिभेनं चाचपून पाहिली तर पुढे उंच सुळका लागत नाही. ख२वर पुष्कळ जणांत पाचवं टोकही नसतं, चारच उरतात. तिनं दोन ठसे शेजारी ठेवून दाखवलं: एकावर मागच्या कडेला हायपोकोन्युलिडचा छोटा उंचवटा, दुसऱ्यावर तिथे नुसता खाचेचा क्रॉस.

फलकाच्या दृष्टीनं ही सोय फार मोठी आहे. बघणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडात एक नमुना कायम हजर असतो.

मापाचा प्रश्न मात्र इथे उभा राहिला. टार्सियरची दाढ जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, माणसाची सेंटिमीटरभर. सगळ्यांना तीसपट केलं तर माणसाची दाढ पाटाएवढी होईल. त्यामुळे सगळे नमुने एकाच लांबीचे करायचे आणि प्रत्येकाखाली किती पटीनं मोठा केला ते ठळक लिहायचं. आकाराची तुलना त्यात जाते, हे मान्य. फलक आकृतीबद्दल आहे.

१४ जून

आजच्या टार्सियरची नोंद, तुलनेचा पाया म्हणून.

एकूण दात ३४. वर प्रत्येक बाजूला दोन पटाशीचे, एक सुळा, तीन उपदाढा, तीन दाढा. खाली तसंच, फक्त पटाशीचा दात दोनाऐवजी एकच. वरचा मधला पटाशीचा दात मोठा आणि टोकदार. वरच्या दाढा तीन टोकांच्या, आडव्या रुंद. चौथं टोक म्हणजे हायपोकोन त्यांच्यावर नाही. खालच्या तिन्ही दाढांवर पॅराकोनिड स्पष्ट.

आहार पूर्णपणे प्राणिज: किडे, पाली, कधी छोटा पक्षी. नरवानर गणात (टार्सियर, माकडं, कपी, माणूस वगैरेंचा गट) फळपानांना अजिबात तोंड न लावणारा हा एवढाच. टोकदार, कातरणाऱ्या दाढा त्याला शोभतात.

२१ जून

१९८५. एल्विन सायमन्स आणि थॉमस बाउन यांनी ‘नेचर’मध्ये आफ्रोटार्सियस चत्रथी जाहीर केला. जागा इजिप्तमधलं फयूम: कैरोच्या नैर्ऋत्येला, कारून सरोवराच्या उत्तरेकडचा वाळवंटी उतार, जेबेल कत्रानी नावाचा खडकांचा थर. त्यातली ‘एम’ ही खाण वरच्या भागात येते. वय सुमारे ३ कोटी वर्षं, म्हणजे ऑलिगोसीन. याच खाणीतून एजिप्टोपिथेकस आणि एपिडियम या नामवंत वानरांचे ढीगभर अवशेष निघाले. त्या गर्दीत टार्सियरसारख्या दातांचा एक इवलासा जबडा. जातीचं नाव प्रिथिजीत चत्रथ यांच्यावरून; फयूमच्या मोहिमांची जमिनीवरची व्यवस्था ते बघत.

सापडलं ते खालच्या जबड्याचं उजवं शकल. ख१, ख२, ख३ जागच्या जागी. पटाशी आणि सुळा गायब.

मला सगळ्यात आवडलं ते त्या निबंधाचं शीर्षक. त्यात टार्सियरच्या कुळाचं नाव कंसात आहे आणि त्याच्या आधी प्रश्नचिन्ह. म्हणजे शोध लावणाऱ्यांनीच पहिल्या दिवशी हात राखून ठेवला होता. पुढे ठिकठिकाणच्या याद्यांमधून ते प्रश्नचिन्ह गळत गेलं आणि ‘आफ्रिकेतला टार्सियर’ एवढंच उरलं. फलकावर शीर्षकाचा हा तपशील घ्यायचाच.

दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, जिन्सबर्ग आणि मँ या फ्रेंच जोडीनं थायलंडच्या ली खोऱ्यातल्या मायोसीन (ऑलिगोसीननंतरचा काळ) टार्सियरचं वर्णन करताना आफ्रोटार्सियसला स्वतंत्र कुळच देऊन टाकलं: आफ्रोटार्सिडी. त्याच दशकात काही संशोधकांनी वेगळाच सूर लावला की या दाढा अँथ्रोपॉइडकडे झुकतात. अँथ्रोपॉइड म्हणजे माकडं, कपी आणि माणूस मिळून होणारा गट.

तीन दाढा. तीन मतं.

२४ जून

टार्सियरच्या दाढेचा त्रिमित स्कॅन खुल्या भांडारातून मिळाला. पहिली छपाई टाकली. आफ्रोटार्सियसचा नमुना प्रसिद्ध चित्रं आणि छायाचित्रांवरून हातानं घडवावा लागणार, तेव्हा त्याच्याखाली ‘चित्रांवरून घडवलेला’ असं लिहायचं. दोन्ही एकाच रंगात छापले की बघणाऱ्याला दोन्ही सारखेच खात्रीचे वाटतात, म्हणून रंग वेगळा.

१ जुलै

आज मुद्द्याला भिडले. आफ्रोटार्सियसच्या दाढांवर पॅराकोनिड आहे, टार्सियरच्या दाढांवरही आहे. म्हणून दोघे एका कुळातले?

टेबलावर एक छोटा तक्ता मांडला. ओळींत प्राणी: टेल्हार्डिना (इओसीनच्या, म्हणजे ऑलिगोसीनच्या आधीच्या काळाच्या, सुरुवातीचा, टार्सियरच्या बाजूचा मानला जाणारा आदिम प्राणी), टार्सियस, इओसिमियस, एजिप्टोपिथेकस, माणूस, आणि शेवटी आफ्रोटार्सियस. रकान्यांत लक्षणं.

पॅराकोनिडचा रकाना भरला. टेल्हार्डिना: आहे. टार्सियस: आहे. इओसिमियस: आहे. एजिप्टोपिथेकस: ख२, ख३वर नाही. माणूस: नाही. आफ्रोटार्सियस: आहे.

पॅराकोनिड असणं ही जुनी ठेव आहे. ती सगळ्यांच्या पूर्वजाकडे होती. टार्सियरनं ती राखली, इओसिमियसनं राखली, पुढच्या वानरांनी घालवली. दोन भावंडांच्या घरी पणजोबांच्या काळचा एकच दागिना असला तर त्यावरून फक्त पणजोबा एक होते एवढंच कळतं. तो दागिना चुलत-चुलत घरांतही असू शकतो. विली हेनिग यांनी १९५० मध्ये वर्गीकरणासाठी हाच नियम घालून दिला: जवळचं नातं ठरवायला दोघांनी मिळून कमावलेलं नवं लक्षण लागतं, दोघांनी न टाकलेलं जुनं चालत नाही.

मग या रकान्यातून आफ्रोटार्सियसबद्दल कळतं काय? ज्या वानरांनी पॅराकोनिड टाकलं त्यांच्यात तो नाही, इतकंच. टार्सियर असेल किंवा अँथ्रोपॉइडच्या बुंध्याजवळची एखादी फांदी असेल. या टोकाला दोन्ही सारखंच मानवतं.

इओसिमियस फलकावर घेण्याचं कारण हेच. १९९४ मध्ये क्रिस बिअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिआंग्सू प्रांतातल्या शांगहुआंग इथल्या चुनखडीच्या भेगांमधून साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे प्राणी जाहीर केले. त्याच एका निबंधात इओसिमियस आहे, ज्याला बरेच जण अँथ्रोपॉइडच्या अगदी तळाशी बसवतात, आणि त्याच निबंधात टार्सियस इओसीनस आहे, म्हणजे चक्क टार्सियर. एकाच खडकाच्या भेगांतून, बोटाच्या पेरावर डझनभर मावतील अशा दातांमधून दोन वेगळी घराणी निवडून काढावी लागली. दोन वर्षांनी शांशी प्रांतातल्या युआनचू खोऱ्यातून इओसिमियसची दुसरी जाती आली, आणि १९९८ मध्ये बिअर्ड यांनी त्याच खोऱ्यातून झँथोर्हायसिस ही टार्सियर कुळातली नवी प्रजाती जाहीर केली. तीही एकाच खालच्या जबड्यावरून. दोन्हीकडे पॅराकोनिड आहे. या लोकांनी पॅराकोनिडवरच भरवसा ठेवला असता तर सगळे दात एकाच डबीत गेले असते.

त्यांनी वेगळं केलं ते इतर गोष्टींवरून. इओसिमियसच्या खालच्या उपदाढा दातांच्या रांगेत तिरक्या बसतात. खालच्या पटाशीचे दात प्रत्येक बाजूला दोन, टार्सियरसारखा एक नाही. सुळा दणकट. म्हणजे निकाल लावणारे पुरावे बरेचसे जबड्याच्या पुढच्या अर्ध्यात आहेत, आणि चत्रथीच्या जबड्याचा नेमका तोच अर्धा हरवलेला.

तक्त्यात आफ्रोटार्सियसच्या ओळीत ‘पटाशी’ आणि ‘सुळा’ या रकान्यांत प्रश्नचिन्ह घातलं. फलकावरही तक्ता असाच जाईल, प्रश्नचिन्हांसकट.

२ जुलै

कालच्या नोंदीला पुरवणी. समजा उद्या पुढचा जबडा सापडला आणि त्यात पटाशीचा एकच दात निघाला, तर? टार्सियरकडे पारडं झुकेल, पण पुरतं नाही. फयूममधलाच पॅरापिथेकस ग्रँजेरी खालचे पटाशीचे कायमचे दात पूर्णच गमावून बसला होता आणि तो अँथ्रोपॉइड आहे. दात कमी होणं अनेक घराण्यांत स्वतंत्रपणे घडतं. एका लक्षणावर घर बांधू नये.

९ जुलै

नडगीचं हाड.

१९९८ मध्ये रासमुसेन, कॉन्रॉय आणि सायमन्स यांनी त्याच ‘एम’ खाणीतून मिळालेलं एक छोटं हाड आफ्रोटार्सियसचं म्हणून मांडलं. त्यात नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड खालच्या बाजूला एकजीव झालेली. आजच्या टार्सियरमध्ये हेच दिसतं. झाडाच्या एका खोडावरून दुसऱ्या खोडावर लांब उड्या मारताना घोटा आडवा मुरगळू नये म्हणून ही जोडणी कामाला येते. नरवानर गणात ही रचना दुर्मीळ. पॅराकोनिडसारखी जुनी ठेव नव्हे, नंतर कमावलेली. म्हणजे हेनिगच्या कसोटीला उतरणारा पुरावा, अखेर.

अडचण दुसरीकडे आहे. हाड सुटं सापडलं. जबड्याला चिकटलेलं नाही, त्याच सांगाड्यातलं नाही. एकाच खाणीतलं आणि साधारण शोभेल अशा मापाचं, एवढाच धागा. आणि ही जोडणी सशात असते, हत्तीचिचुंद्रीत असते, उंदीर-घुशींत तर सर्रास असते. ते हाड कुरतडणाऱ्या प्राण्याचं असू शकतं असा आक्षेप पुढे आलाच.

माझं मत: हे हाड तक्त्यात घ्यायचं नाही. ते आफ्रोटार्सियसचं आहे असं आपण म्हणतो कारण ते टार्सियरसारखं दिसतं. आणि मग आफ्रोटार्सियस टार्सियर आहे असं म्हणतो कारण त्याचं हे हाड टार्सियरसारखं आहे. हे गोल गोल फिरणं झालं. फलकावर मात्र हाडाचा किस्सा घ्यावा, चौकटीत, कारण सुट्या हाडांना मालक कसा नेमतात हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण सहज मिळणार नाही.

१० जुलै

हाडाची चौकट लिहून झाली. लांबली. अर्धी कापली.

१८ जुलै

लिबिया. इथून गोष्टीला नवं वळण.

२०१० मध्ये जाँ-जाक येगर आणि सहकाऱ्यांनी मध्य लिबियातल्या दूर अत्-तलाह या कड्यातून आलेले नरवानरांचे सुटे दात जाहीर केले. त्यांच्या मते वय ३.८ ते ३.९ कोटी वर्षं, म्हणजे इओसीन; हे वय इतकं जुनं नसावं असं म्हणणारेही आहेत. या दातांत आफ्रोटार्सियसची दुसरी जाती निघाली: आफ्रोटार्सियस लिबिकस. प्रजातीचा इतिहास एका फटक्यात कित्येक लाख वर्षं मागे गेला, आणि मुख्य म्हणजे वरच्या दाढा मिळाल्या. तोवर आफ्रोटार्सियसची वरची दाढ कुणी पाहिलीच नव्हती. खालच्या दाढेचा खळगा ठाऊक, त्यात बसणारं टोक अज्ञात, अशी पंचवीस वर्षांची अवस्था. वरच्या-खालच्या दोन्ही दाढा मिळून या चमूनं निष्कर्ष काढला की हा अँथ्रोपॉइड आहे.

दोन वर्षांनी यावोलक चैमानी यांच्या नेतृत्वाखाली जवळपास याच चमूनं म्यानमारमधून आफ्रेशिया जिजिडी जाहीर केला. पोंडाउंग थर, वय सुमारे ३.७ कोटी वर्षं. पुरावा: चार दाढा. टनावारी माती धुऊन, चाळून, वाळवून, भिंगाखाली निवडून चार. आफ्रेशियाच्या दाढा आफ्रोटार्सियसच्या दाढांशी विलक्षण जुळतात, पण किंचित जुनाट वळणाच्या आहेत. या दोघांना बहीणप्रजाती मानून चमूनं आफ्रोटार्सिडी हे कुळ अँथ्रोपॉइडच्या तळाशी, इओसिमियससोबत, इओसिमिफॉर्मिस नावाच्या गटात टाकलं.

यातून निघणारा अर्थ दातांपुरता राहत नाही. इओसीनमध्ये आफ्रिका चारही बाजूंनी पाण्यात होती. आशियाशी मधे टेथिस समुद्र. आशियातला नातेवाईक अधिक जुनाट आणि आफ्रिकेतला थोडा पुढे गेलेला, तर प्रवास आशियाकडून आफ्रिकेकडे झाला असणार असा त्यांचा तर्क. शिवाय आफ्रोटार्सियस हा पुढच्या आफ्रिकी वानरांचा थेट पूर्वज ठरत नाही, तेव्हा असं स्थलांतर एकाहून अधिक वेळा झालं असावं. हे सगळं मिलिमीटरभर उंचीच्या टोकांवरून. मला हा तर्क पटतो. त्याला आधार किती तुटपुंजा आहे हेही त्याच श्वासात सांगावंसं वाटतं.

२६ जुलै

मजकुराचा कच्चा खर्डा वाचायला दिला. एक शेरा चांगला आला: निःसंशय टार्सियर मानलेले सगळे जीवाश्म आशियातले आहेत, मग आफ्रिकेतला हा एकटा टार्सियर नसणारच, एवढं सरळ का लिहीत नाही?

यादी खरोखर बोलकी आहे. टार्सियस इओसीनस आणि झँथोर्हायसिस चीनमधून. युन्नानमधला ऑलिगोटार्सियस, ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा, २०१६ मध्ये जाहीर झालेला. याच्या दाढा आजच्या टार्सियरच्या फार जवळच्या. थायलंडमध्ये ली खोऱ्यातला, ज्याला आता हेस्परोटार्सियस प्रजातीत टाकतात, आणि माए मो कोळसाखाणीतला सुमारे १.३ कोटी वर्षांपूर्वीचा टार्सियस सिरिंधोर्नी. सर्वांत पश्चिमेचा पाकिस्तानातला, सिंधमधल्या मंचर थरातला हेस्परोटार्सियस सिंधेन्सिस, २०१३ मध्ये जाहीर झालेला. त्याच्या पुढे पश्चिमेला काही नाही. आजचे टार्सियर तर सुमात्रा, बोर्निओ, सुलावेसी आणि फिलिपिन्सच्या बेटांपुरतेच.

तरीही तो शेरा घेतला नाही. प्राणी कुठे सापडला हे त्याच्या दाढेवर कोरलेलं नसतं. भूगोल हे लक्षण म्हणून तक्त्यात घातलं की पुढे भूगोलाबद्दल त्याच तक्त्याला काही विचारता येत नाही. आधी दातांवरून नातं लावायचं, मग नकाशा उघडायचा. फलकावर नकाशा येईल, पण तक्त्याच्या खाली.

या यादीवरून आणखी एक जाणवलं. चार-साडेचार कोटी वर्षांत टार्सियरची दाढ फारशी बदललीच नाही. किडे खाणाऱ्याला ती पुरली. पण वर्गीकरण करणाऱ्याची त्यात पंचाईत होते: जो दात बदलत नाही, तो नातंही सांगत नाही.

२ ऑगस्ट

नमुन्यांचं काम. टार्सियरचा छापून आला, पण थरांच्या रेषा दाढेच्या बारीक कडांशी समांतर गेल्या आणि हायपोकोनिडकडून ट्रायगोनिडच्या पाठीला भिडणारी तिरकी कड रेषांत हरवली. घासून गुळगुळीत करावं तर कडच बोथट होते. शेवटी दाढ तिरपी टाकून पुन्हा छापली, आधाराच्या काड्या मुळांच्या बाजूला घेतल्या, वरचा पृष्ठभाग अजिबात घासला नाही. आता टोक आणि कड बोटाला लागतात. नमुने हाताळायला ठेवायचे असल्यामुळे हे महत्त्वाचं. पॅराकोनिड डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतं.

झिजेचं काय करायचं? खरी दाढ वापरून झिजलेली असते. प्रोटोकोनिडच्या मागच्या अंगाला घासून सपाट झालेली चकचकीत पट्टी असते, आणि अशा पट्ट्यांवरूनच वरची दाढ कुठून आली नि कुठे सरकली हे वाचतात. न झिजलेला नमुना शिकवायला सोपा. आफ्रोटार्सियसचा न झिजलेलाच ठेवला, टार्सियरच्या स्कॅनमधली झीज आहे तशी राहू दिली आणि एका पट्टीवर बाण लावला.

इओसिमियससाठी एकटी दाढ पुरत नाही हे १ जुलैच्या तक्त्यानंतर उघड होतं. त्याच्या नमुन्यात मागची उपदाढही जोडली. तिचा तिरकेपणा वरून पाहिल्यावर लगेच लक्षात येतो. बाकी तिघांच्या एकेकट्या दाढांमध्ये तो थोडा वेगळा दिसतो, दिसू दे.

१२ ऑगस्ट

वर्गीकरणाच्या ओळी पक्क्या केल्या. आधी विचार होता की एकच उतरंड द्यावी: गण, उपगण, कुल, प्रजाती, जाती. पण ती देताना कुठेतरी एक बाजू गुपचूप घ्यावी लागते. आता दोन उतरंडी शेजारी. दोन्हींची वरची पायरी एकच: नरवानर गण, हॅप्लोर्‍हाइन उपगण. टार्सियर आणि अँथ्रोपॉइड दोघेही यातच येतात. दोघांत ओलं नाक नाही, डोळ्यांत मागची चमकती पडदी नाही, आणि जनुकीय पुराव्यानंही हे नातं पक्कं केलंय. त्याखाली वाट फुटते. डावीकडे टार्सिफॉर्मिस, मग टार्सियरचं कुल किंवा त्याच्या शेजारी आफ्रोटार्सिडी. उजवीकडे अँथ्रोपॉइड, त्यात इओसिमिफॉर्मिस, त्यात आफ्रोटार्सिडी, त्यात आफ्रोटार्सियस आणि आफ्रेशिया. जाती दोन्हीकडे त्याच दोन: चत्रथी आणि लिबिकस.

उजवी उतरंड ठळक ठेवली. वरच्या दाढा आणि आफ्रेशिया हाती आल्यावर तिचं वजन जास्त आहे, आणि फलक वाचणाऱ्याला आमचं मत कळायला हवं. डावी फिक्या रंगात, पण वाचता येईल इतपत.

नावाबद्दल कुणीतरी विचारणारच: टार्सियर नाही म्हणता, मग नावातला टार्सियस काढत का नाहीत? नाव देण्याचे नियम तसे नाहीत. प्रजातीचं नाव एकदा रीतसर दिलं की नातं बदललं म्हणून ते बदलत नाही. हे एका ओळीत प्रश्नोत्तरांत टाकलं.

१४ ऑगस्ट

मजकूर छपाईला गेला. तक्त्यातली प्रश्नचिन्हं मांडणी करणाऱ्यानं रिकामी जागा समजून काढून टाकली होती. परत घालून घेतली आणि ‘?’ म्हणजे तो भाग सापडलेला नाही अशी तळटीप जोडली. नमुन्यांच्या पाट्या बाकी. टार्सियर तीसपट, आफ्रोटार्सियस आणि इओसिमियस यांची पट नमुने मोजून लिहायची, माणूस साधारण आठपट.